एक जानेवारी, दोन हजार बारा

गॅस कंपनीच्या नोंदणी खात्यात तिला सगळे आक्का म्हणत. साहेबसुद्धा. खरं नाव पगारपत्रकात होतं, ते तिथंच पडून असे.

तीस वर्षं ती एकाच खिडकीपाशी बसली. शहराच्या पोटात कुठला पाइप कुठं पुरलाय, कशाचा, किती जाडीचा, कुठल्या सालचा, सगळ्यांची कुंडली तिच्याकडं. आधी रजिस्टरं होती, लाल पुठ्ठ्याची, उंदरांनी कडेकडेनं चाखलेली. मग दोन हजार बारा साली कॉम्प्युटर आला, नि ती सगळी त्यात उतरवायचा हुकूम सुटला. माणसं चार, मुदत तीन महिने.

तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. जुन्या पाइपांपुढं साल लिहिलेलंच नव्हतं. ज्यांनी पुरले त्यांच्या डोक्यात होतं, नि ती डोकी केव्हाच रिटायर झालेली. कॉम्प्युटर तर हट्टी. सालाचा रकाना रिकामा ठेवला की पुढचं पानच उघडेना. दोन दिवस सगळे डोकं धरून बसले. तिसऱ्या दिवशी आक्कानंच वाट काढली.

"अरे, चालू साल ठोका की. एक जानेवारी, दोन हजार बारा. पुढं सवडीनं दुरुस्त करू."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण सवड ही अशी पाहुणी, की येते म्हणते आणि उंबरा काही ओलांडत नाही.

त्यातून पासवर्ड मिळाला होता एकट्या आक्काला. तो तिनं चिठ्ठीवर लिहून कीबोर्डाच्या पोटाशी चिकटवला, आणि चौघंही त्याच्यावरच काम करत राहिले. हात कुणाचाही असो, नोंद आक्काच्या नावावर.

चौदा वर्षं झाकली मूठ झाकलेलीच राहिली. मग वरून बातमी आली, आता एआय येणार. म्हणजे एक हुशार मशीन सगळ्या नोंदी वाचणार आणि आपलं आपण ठरवणार, कुठला पाइप आधी उकरून तपासायचा, आणि वासाची तक्रार आली तर कुठं धावत सुटायचं नि कुठं सावकाश जायचं. त्याआधी नोंदी स्वच्छ पाहिजेत, म्हणून मुख्य कचेरीतून एक मॅडम आल्या. वय तिशीच्या आत, चालणं भराभर, बोलणं त्याहून भराभर.

"प्रत्येक रकान्याला एक मालक पाहिजे," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. "चुकलं तर जबाब त्यानं द्यायचा."

एरवी मालकी म्हटली की माणसं पुढं सरकतात. इथं सगळी खुर्चीसकट मागं सरकली. नकाशे सांभाळणाऱ्याला तर खोकल्याची उबळच आली. मॅडमनी स्क्रीनवर बघितलं. "सालाच्या सगळ्या नोंदी आक्कांच्या नावावर आहेत. मग प्रश्नच मिटला."

"अभिनंदन, आक्का," नकाशेवाला खोकला विसरून म्हणाला. "रिटायर होता होता मालकीण झालात!"

"तुझी जीभ कुणाच्या नावावर आहे रे? तिचंही बघते."

सगळे हसले. आक्का हसली नाही.

मॅडम मात्र खूश. "तुमचा रकाना सगळ्या खात्यांत अव्वल आहे. एकही जागा रिकामी नाही. शंभर टक्के!"

भरलेलं म्हणजे खरं, असंच मशीन धरून चालणार. चिखलानं भरलं तरी भांडं भरलेलंच दिसतं.

शुक्रवारी मालकीच्या कागदावर सही करायची होती. बुधवारी ती एका गल्लीची यादी छापून थोरल्या भावाकडं गेली. गल्ली भावाचीच. दादा त्याच कंपनीत फिटर होता. पस्तीस वर्षं खड्ड्यांत उतरून त्याचं नाक मेलेलं. नासकं दूध पिऊन मगच कळायचं.

"आमच्या गल्लीतला पाइप चौदा वर्षांचा?" दादा मांडीवर हात मारून हसला. "मग मीही चौदाचाच! अगं, तो मी पुरलाय. नवा नवा कामाला लागलो होतो, लग्न व्हायचं होतं. लोखंडी आहे. आत्तापर्यंत त्याची चाळण झाली असेल."

"नक्की आठवतंय का तुला?"

"माझं नाक गेलंय बाई, डोकं नाही."

गुरुवारी आक्कानं मॅडमपुढं सगळं ओकून टाकलं, कीबोर्डाखालच्या चिठ्ठीसकट. मॅडमनी उठून दार लावलं.

"किती नोंदी आहेत अशा?"

"चार हजारांच्या वर."

मॅडमनी स्क्रीनवरच्या शंभरावर नख टेकवलं. "आक्का, शंभर टक्के हा आकडा वर कळवून झालाय. सोमवारी मशीन सुरू होतंय. तुम्ही लेखी द्या, दोन महिन्यांनी दुरुस्तीच्या फेरीत घेऊ."

"निदान एक गल्ली तरी आत्ता बदलू द्या."

"बदलताच येणार नाही. सुरक्षेसाठी कालपासून सगळ्यांचे हक्क काढून घेतलेत. कुणीही हात लावू शकत नाही."

"पण मालकीण मी ना?"

"मालकीण तुम्हीच. पण किल्ली तुमच्याकडं नाही."

चोराच्या भीतीनं कुलूप घातलं, आणि चोरीचा माल नेमका आतच राहिला.

रात्रभर तिनं मनाची समजूत घातली. पन्नास वर्षं तग धरलेला पाइप दोन महिन्यांत कुठं पळतोय? नोकरीचे चारच महिने उरलेत. जाता जाता नावाला काळं कशाला? शुक्रवारी तिनं अर्ज दिला, त्यावर शिक्का घेतला. आणि मालकीच्या कागदावर सहीही केली.

मशीन सुरू झाल्याच्या तिसऱ्या रविवारी, भरदुपारी ती दादाकडं निघाली. गल्लीच्या तोंडालाच तिचं पाऊल अडखळलं. सडक्या अंड्याचा वास. चार घरं पुढं गेल्यावर तो घशाला लागू लागला. दादाच्या दारात तर डोळेच चुरचुरले. आत दादा चहाचं आधण ठेवून काडेपेटी उघडत होता.

"काडी ओढू नकोस!"

तिनं पेटी हिसकली, शेगडीचा कॉक बघितला. बंद होता. वास बाहेरून, जमिनीतून येत होता. दादाला दंडाला धरून ती रस्त्यावर आली, पार टोकाला जाऊन तक्रारीचा नंबर फिरवला.

"थांबा हं, बघते," तिकडची पोरगी म्हणाली. "आक्का, तुम्ही होय! अहो, तिथला पाइप नवा आहे. मशीननं तक्रार सावकाशच्या रांगेत टाकलीय. फिटर उद्या दुपारी येईल. गटाराचा वास असेल हो."

"अगं, पन्नास वर्षांचा पाइप आहे तो! साल खोटं आहे!"

"खोटं कसं असेल? नोंद पक्की दाखवतंय. मालकाची सही आहे." तिनं नाव वाचलं. "तुमचीच आहे की, आक्का."

"मशीन ठेव बाजूला नि माणूस पाठव!"

"रांग बदलायचा हक्क नाही मला. साहेबांना फोन लावून बघते. पण रविवार आहे..."

आक्कानं फोन पदरात कोंबला नि ती गल्लीत मागं पळाली.

"अगं, पण झालंय काय?" दादा मागून ओरडत होता. "मला तर कसलाच वास येत नाही!"

पहिलं दार तिनं दोन्ही मुठींनी बडवलं. कुणी उघडलं नाही. दुसरं उघडलं. शेजारीण हातात झारा घेऊन उभी होती, घामेजलेली, हसतमुख.

"आक्का? या की आत. गटार परत तुंबलंय वाटतं, कसला वास सुटलाय!"

तिच्या मागं, आत, शेगडी पेटलेली होती.