साहेबांचा साग

घसा बसेपर्यंत सांगितलं. हजेरी लिहिणाऱ्या मुन्शीजींसमोर सांगितलं, जंगल खात्याच्या गार्डसमोर सांगितलं, आरा मशीनवाल्या सेठला त्याच्या हिंदीत सांगितलं. "हे रोपटं आपोआप मरून नाही राहिलं, याले कोणीतरी मारून राहिलं!" पण विश्वास कोणाचा बसला? एकाचाही नाही. चौथी शिकलेली बाई बोलायला लागली की लोक आधी तिच्या फाटक्या चपलेकडं पाहतात. तोवर बोलणं संपून जातं!

आमच्या लाकूडडेपोतले किस्से भुशासारखे आहेत. आरा चालतो लाकडावर, आणि भुसा साचतो कानात, केसात, भाकरीत. झाडू मारला की बसायच्या ऐवजी आणखी उडतो. आता मी झाडू घेतलाच आहे, तर उडू द्या!

आधी गाव सांगते. अर्जुनी मोरगावच्या अलीकडं, रेल्वेच्या रुळाला लागून. जुनी माणसं सांगतात, इथं आधी चार झोपड्या होत्या. रेल्वे आली, रुळाखाली टाकायला लाकूड लागलं, जंगलातून लठ्ठे आले आणि स्टेशनाजवळ त्यांची थप्पी लागली. थप्पी राखायला माणूस आला, माणसाला भजी लागली म्हणून हॉटेल आलं, हॉटेलवाल्याची पोरं वाढली म्हणून शाळा आली. म्हणजे आमच्या गावातली पहिली इमारत कोणती? लाकडाची थप्पी! गावात मूळचा असा कोणी नाहीच. लठ्ठ्यांसारखे सगळे कुठून कुठून आलेले. आमचे पोवार लोक माळव्यातून आले. माझे सासरे रामाजी मिस्त्री म्हणायचे, "आपले बापजादे पार पुढंच जाणार होते. इथं बिजाच्या झाडाचं लाकूड चांगलं दिसलं, म्हणून थांबले!"

*

सासऱ्यांनी चाळीस वर्षं आरा मशीन चालवली. लठ्ठ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं की आत पोकळ आहे का भरीव, ते सांगायचे. ती सवय पुढं सगळ्या गावाला लागली. आमच्याकडं कोणाच्या घरी गेलं की आधी दाराची चौकट वाजवून पाहायची, मग 'घरात आहेत का' विचारायचं.

एकदा मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, खोकला झाला म्हणून गोंदियाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं पाठीवर हात ठेवून बोटानं टकटक केली. मामाजी एकदम खूश! मान वळवून म्हणतात, "तुमी कोणत्या आऱ्यावर होते?"

माझी नणंद शांता लग्नाची झाली. मामाजी दवनीवाड्याला पोरगा पाहायला गेले. संध्याकाळच्या बसनं परत आले ते हसतच. सासूबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "कसं आहे?"

"काय सांगू! तीस फुटाचं आढं, अन् एका लाकडाचं! कुठं जोड नाही, गाठ नाही. चौकटी सगळ्या सागाच्या. असं घर शोधून सापडाचं नाही."

"अन् पोरगा?"

मामाजींनी तांब्या खाली ठेवला. "अरे हो. तो पाहाचा राहिला."

लग्न झालं तिथंच. जावई जरा आखूड निघाला, पण आढं अजून वाकलं नाही!

*

आता रोपट्याचं.

भंडाऱ्यातून आमचा जिल्हा वेगळा झाला, त्या पावसाळ्यात जंगल खात्याचे नवे साहेब आले, इंगळे साहेब. नवा जिल्हा, नवा साहेब, नवी जीप. ठरलं असं की साहेबांनी डेपोच्या गेटसमोर सागाचं रोपटं लावायचं. ज्या गावात मेलेली झाडं येतात, तिथं एक जिवंत झाड उभं राहिलं पाहिजे, असं साहेब म्हणाले. चांगलं बोलले. टाळ्या पडल्या.

मग साहेबांनी रोपटं उचललं आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं! मुन्शीजी पाहून राहिले. भाऊराव गार्ड पाहून राहिले. वीस वर्षं जंगलात काढलेला माणूस, पण तोंड उघडेना. साहेबांनी माती लोटायला घेतली.

मी म्हणाले, "साहेब, पिशवी काढा! झबलं घालून कोणी पोराले न्हाऊ घालते का?"

मुन्शीजींनी डोळेच मिटून घेतले. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं आणि खो खो हसले. पिशवी फाडली, रोपटं लावलं. जाता जाता ऑर्डर दिली, "या झाडाची ड्यूटी या बाईंकडे."

साहेब गेल्यावर मुन्शीजी मला म्हणाले, "लय शहाणी झाली न तू? आता ऐक. साहेब दर पावसाळ्यात पाहाले येतील. झाड जगलं तर तुही हजेरी जगली. झाड मेलं तर दुसरी बाई पाहू."

माझ्या घरात दोन पोरी शाळेत, सासरे थकलेले, नवरा धानाच्या हंगामापुरता कामाचा. बारा महिने चूल पेटायची ती डेपोच्या हजेरीवर. त्या दिवसापासून हातभर काडीवर माझं घर टेकलं!

*

दीड महिन्यात रोपटं वाळलं.

मी रोज दोन बादल्या पाणी टाकत होते. आळं केलं, काट्या लावल्या, शेणखत टाकलं. तरी वाळलं. भाऊराव गार्डनं गुपचूप नर्सरीतून तेवढ्याच उंचीचं दुसरं आणून लावलं. ते तीन आठवड्यांत गेलं.

मुन्शीजी म्हणाले, "गिरजाची शेळी."

गिरजा म्हणजे माझ्यासोबत लठ्ठ्यांची साल काढणारी. माझी मैत्रीण. दिवसातून चारदा आमचं भांडण होते. मुन्शीजींनी शेळीविरुद्ध अर्ज लिहिला. सरळ अर्ज! 'सदर शेळीने शासकीय रोपट्याचे नुकसान केले आहे.'

गिरजा दुसऱ्या दिवशी शेळीच घेऊन आली. "घ्या! समोरासमोर होऊन जाऊ द्या!" शेळी रोपट्यासमोर उभी केली. शेळीनं सागाचं पान हुंगलं, फुरफुर केलं आणि तोंड फिरवलं. सागाचं पान खरखरीत, शेळी कायले खाते? मुन्शीजी अर्ज हातात धरून म्हणाले, "सगळ्यांसमोर नाही खाणार ते. हुशार आहे."

शेळी दोन पावलं पुढं आली आणि मुन्शीजींच्या हातातला अर्ज खाऊन टाकला!

गिरजा म्हणाली, "झाली सुनावणी?"

*

शेळी सुटली, मग उधळीवर आलं. वाळवी हो, आमच्याकडं उधळी म्हणतात. खणून पाहिलं, एक किडा नाही. मग मातीवर आलं. मातीही बदलली. मग शेवटी, कोणीच उरलं नाही म्हणून, माझ्यावर आलं. "बाईचा हातच गरम आहे!"

असे तीन पावसाळे गेले. मेलं की नवं, मेलं की नवं. साहेब येण्याच्या आदल्या दिवशी भाऊराव चांगलं ताजं रोपटं आणून लावायचे. साहेब शेजारी उभं राहून फोटो काढायचे आणि जायचे. माझी हजेरी एक वर्ष पुढं सरकायची.

तिसऱ्या वर्षी साहेब मागचा फोटो सोबत घेऊन आले! फोटोतलं रोपटं साहेबांच्या कमरेला, आणि समोरचं गुडघ्याला. साहेब एकदा फोटोकडं पाहतात, एकदा झाडाकडं.

"हे लहान कसं झालं?"

मुन्शीजी म्हणाले, "साहेब, यंदा पाऊस कमी. अंग चोरून घेतलं त्यानं."

साहेबांना ते काही पटेना. तेवढ्यात आरा मशीनवाले सेठ पुढं आले. आमचे सेठ पन्नास वर्षं गावात, पण मराठी बोलायची वेळ आली की पान तोंडात टाकतात. म्हणाले, "साहब, बड़े आदमी के सामने पेड़ भी झुक के खड़ा रहता है!"

साहेब हसले. फोटो निघाला. पण जीपमध्ये बसताना मला म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी मी फाईल घेऊन येईन. हेच झाड दिसलं पाहिजे. नाही तर जबाबदार कोण, ते मला लिहावं लागेल."

*

मग मी डोकं लावलं. रोपट्याच्या बुडाशी, मातीला लागून, चुन्याची बारीक रेघ काढली. चार दिवसांनी पाहते तर रेघ मातीच्या बोटभर वर! म्हणजे कोणीतरी रोपटं उपटून परत लावलं!

मी धावत मुन्शीजींकडं गेले. सगळे जमले. मी रेघ दाखवली.

मुन्शीजी म्हणाले, "बाई, झाड वाढते तवा रेघ वर जातेच ना!"

"बुडाची रेघ वर कशी जाईन? झाड शेंड्याकडून वाढते! तुमी काय पायाकडून वाढले का?"

"वरून विचारावं लागेल," मुन्शीजी म्हणाले. हा माणूस तहान लागली तरी वरून विचारून पाणी पितो.

गिरजा म्हणे, "तू टेन्शन घेऊन राहिली, बाई. घरी जाय, झोप."

भाऊराव म्हणे, "या गावात झाड मारणारा माणूस नाही. मेलेलंच आणतो आपण."

सासऱ्यांना सांगितलं, तर तेही म्हणाले, "सूनबाई, सागाच्या मुळाले वेळ लागते." सगळ्यांचं तोंड असं भोळं, की मलाच माझी रेघ खोटी वाटायला लागली!

*

एक दिवस ताप आल्याचा निरोप पाठवला आणि सकाळीच येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, लठ्ठ्यांच्या थप्पीमागं जाऊन बसले. सोबत भाकर, मिरचीचा ठेचा आणि साल काढायची कुऱ्हाड. जो दिसेल त्याला सोडायचा नाही, हे पक्कं!

आठ वाजता भाऊराव गार्ड आले. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. खाली बसले. रोपट्याला अलगद मानेला धरलं आणि उपटलं! मूळ पाहिलं, मान हलवली, परत खड्ड्यात ठेवलं, बुटानं माती दाबली आणि निघून गेले.

मी कुऱ्हाड उचलली. तेवढ्यात मुन्शीजी आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि उपटलं. मूळ पाहिलं. ठेवलं.

मग सेठ, पान खात. उपटलं. ठेवलं.

मग गिरजा. माझी मैत्रीण! उपटलं, मुळाला पदरानं पुसलंसुद्धा!

आणि अकरा वाजता काठी टेकत टेकत माझे सासरे आले. त्यांनी उपटलं, नखानं मुळावर टकटक केली, कान लावून ऐकलं आणि परत लावलं.

मी थप्पीमागून अशी ओरडले की स्टेशनावरचे लोक गाडी सोडून पाहायला आले. "मेल्याहो! काऊन मारून राहिले त्याले?"

गेलेले सगळे धावत परत आले. गिरजा म्हणाली, "अवो बाई, मारून कोण राहिलं? मूळ धरलं का नाही, ते पाहून राहिलो! तुह्यं काम गेलं तर मी भांडू कोणासंग?"

भाऊराव म्हणाले, "मी तर हप्त्यातून दोनदाच पाहतो."

मुन्शीजी म्हणाले, "मी फक्त ड्यूटीच्या दिवशी."

सेठ म्हणाले, "बहन, मैं तो बस आते-जाते. तुम्हारी चिंता लगी रहती है."

मामाजी काठीनं भुसा उकरत होते. मी म्हणाले, "मामाजी, तुमी?"

"मी रोज. घरचंच आहे ना."

मी मटकन लठ्ठ्यावर बसले. शिव्या तोंडात आल्या होत्या, सगळ्या ओळीनं उभ्या होत्या. पण एकही निघेना. डोळ्यांत पाणी आलं, ते भुशावर ढकललं.

*

त्यानंतर नवं रोपटं लावलं आणि मी सगळ्यांना सांगितलं, "जो याले हात लावन, त्याच्या हाताची साल काढीन!" मी साल काढण्यात पहिल्या नंबरची आहे, हे डेपोला माहीत आहे. कोणी फिरकलं नाही. सेठ येता-जाता हात पाठीमागं बांधून चालायचे. रोपट्यानं उन्हाळा काढला. जून लागला तशी पंज्याएवढी दोन पानं फुटली, लालसर, कोवळी. गिरजानं त्याला दृष्ट लागू नये म्हणून काजळ लावलं. दुरून, काडीनं!

इंगळे साहेब आले, फाईल घेऊन. वर कोणीतरी सगळंच कळवलं होतं. किती रोपटी मेली, किती बदलली. साहेब गेटसमोर खुर्ची टाकून बसले. म्हणाले, "एक रकाना रिकामा आहे. जबाबदार व्यक्तीचे नाव. तो भरल्याशिवाय मी उठणार नाही."

आता त्यात माझंच नाव लागणार! पण आमचे लोक पाहा!

भाऊराव म्हणाले, "माह्यं लिवा, साहेब."

मामाजी म्हणाले, "नाही, माह्यं. मी रोज उपटत होतो."

गिरजा म्हणाली, "शेळीचं लिवा. तिच्यावर आधीचा अर्ज आहे."

साहेबांनी सगळं खोदून खोदून विचारलं. कोण कधी उपटायचं, कसं धरायचं, परत कसं लावायचं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला. उभे राहिले. "अहो, तुम्ही लाकडात जन्म काढलेली माणसं! रोपटं असं उपटून पाहतात का कोणी? शहरातल्या माणसानं केलं असतं तर समजलो असतो. आणि एवढं करून काम जाणार होतं कोणाचं, या बाईचं?"

सगळ्यांच्या माना खाली.

साहेब रोपट्याकडं गेले. खाली वाकले. पानांवरून बोट फिरवलं. राग उतरला, चेहरा एकदम मऊ झाला. "पानं तर छान आली आहेत हो," ते म्हणाले. "पण यानं आता तरी..."

आणि मानेला धरून उपटलं!

बाजूच्या मशीनचा आरा तेव्हाच थांबलेला. साहेब मूळ उन्हाकडं धरून पाहून राहिले, आणि आम्ही सगळे साहेबांकडं.

मुन्शीजींनी हळूच फाईल उघडली. जन्मात पहिल्यांदा, काही न विचारता पेनाचं टोपण काढलं. मग सवय सुटेना, म्हणून विचारलंच.

"साहेब, नाव कोणाचं लिवू?"

साहेबांनी हातातल्या रोपट्याकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"लिहा," ते म्हणाले. "इंगळे."