दुसऱ्या ढिगाची मूठ

"हे आकडे तू बनवलेस, वैशाली." बॉस कॉलवर सगळ्या टीमसमोर म्हणाले. आवाज असा, की वैनगंगेवरचे बगळे थेट कटंगीला जाऊन बसले असतील.

लामता गावची वैशाली आणि मी बालाघाटातल्या एका खोलीतून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. तिच्या कोडनं किती काम केलं, याचं माप दर वेळी वेगळं येत होतं. संध्याकाळपर्यंत खुलासा, नाहीतर नोकरी संपली.

"दादा, मी नाई बनवले."

"हौ, माहीत आहे मले."

प्रोसेसरमध्ये कामं मोजणारे काउंटर असतात. काउंटर भरला की शून्यावर येतो. हा ओव्हरफ्लो. तेव्हा तो खूण उभी करून कर्नलला, म्हणजे संगणकाच्या कारभाऱ्याला, हाक मारतो. आमच्याकडे धान मोजताना वीस कुडो, म्हणजे वीस मापं, झाले, की मापारी 'खंडी' म्हणून ओरडतो आणि एक मूठ बाजूला ठेवली जाते. शेवटी मुठी मोजायच्या. कर्नलचंही तेच.

बाकीचे एकच काउंटर लावत. वैशालीनं दोन लावले होते. मी म्हटलं, "एकेक लावून पाह्य."

एकेक लावला, माप बरोबर. दोन्ही लावले, कमी.

मग मी कंपनीच्या कर्नलमधला ही हाक ऐकणारा भाग उघडला. ढीग दोन, मापारी दोन, मूठ ठेवणारा एक. तो पहिल्या ढिगाची मूठ ठेवत असतानाच दुसरा मापारी ओरडतो. आणि हा गडी शेवटी सगळ्याच खुणा पुसून मोकळा! दुसऱ्या ढिगाची अख्खी खंडी मोजणीतून गेली.

जी खूण पाहिली तेवढीच पुसायची, तीही आधी, मग मूठ ठेवायची. एवढं बदललं आणि माप जागेवर बसलं.

"कोणं लिहिलं हे?" मी विचारलं. वैशालीनं स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं. बॉस.

संध्याकाळी कॉलवर आम्ही तिघंच. मी जुनी ओळ दाखवली. "सर, ही जरा समजावता का? आम्ही पडलो गावाकडचे."

ते जोरात समजावू लागले. अर्ध्यात थांबले. ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले; तेवढ्यात धानाचं एक पीक पेरून कापून झालं असतं.

"चूक माझी आहे. वैशाली, मी तुला मेल करतो."

"सर, सकाळी सगळ्यांसमोर बोलले होते तुम्ही," ती म्हणाली. "मेल कशाला?"

त्यांनी टीमला पुन्हा बोलावलं आणि तेच सांगितलं. मला स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवावा लागला.

आकडा खोटा वाटला, तर आधी मोजणी तपासावी. माणूस नंतर.