कोंबड्या धनजलाच राहिल्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीच्या जुड्या बांधणं. मंगरूळपीरच्या बाजाराचा आदला दिवस. मी बांधलेली जुडी गोदानं सोडली आणि पुन्हा आवळली.

"ढिली बांधता तुमी. गिऱ्हाइकाच्या हातात सुटली तं पुन्हा येईन काय तो?"

एवढंच बोलली. पहाटे छातीत कळ आली आणि उजाडायच्या आत माझी बायको गेली.

स्वराज्य आल्यावर दोन-तीन वर्षांनी आम्ही धनज सोडलं. वाटणीत माझ्याकडं बरड जमीन आली होती, आणि मंगरूळजवळ विहिरीवरचा मळा बटईनं, निम्म्या पिकाच्या वाट्यावर, मिळत होता. गाडीत जातं ठेवलं, तवा ठेवला, दोन पोरी बसल्या. गोदानं टोपल्यात झाकून अकरा कोंबड्याही चढवल्या. मी टोपलं उतरवलं आणि धाकट्या भावाच्या, महादूच्या, अंगणात नेऊन ठेवलं. भाजीच्या मळ्यात कोंबडी चालत नाही, कोवळं रोप उकरून टाकते. मंगरूळ येईपर्यंत गोदा माझ्याकडं पाठ करून बसली.

धनजची माणसं म्हणतात, हा तिकडं जाऊन माळकरी झाला. खोटं आहे. मी माळ घातली नाही, गुरूही केला नाही. धनजला घरची अंडी होती, पाहुणा आला की कोंबडी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, मटण. मळ्यात कोंबडी नाही, बकरीही नाही, ती वांग्याचं झाड चावते. मग बाजारात जे विकलं नाही ते घरी शिजायचं. वाकडी वांगी, जून दोडके, चवळीच्या शेंगा. पोरी त्यावरच वाढल्या.

मला मात्र पहिली दोन वर्षं जेवण गोड लागलं नाही. बाजाराच्या दिवशी खानावळीत रस्सा ओरपून यायचो. गोदाला दारातूनच वास यायचा.

"खाऊन आले वाट्टे! भाकर झाकून ठेवू, का कुत्र्याले टाकू?"

पोरी हसायच्या, मीही हसायचो. तिच्यासाठी एकदाही आणलं नाही. लिहायला लाज वाटते, पण आणलं नाही. तिसऱ्या वर्षी विचारलं, "तुले आनू काय?"

"आता कायले? जीभ इसरली माही."

त्यानंतर मीही खानावळीत गेलो नाही. मंगरूळच्या दर्ग्यावर कोणाची कंदुरी, नवसाच्या बकऱ्याचं जेवण, असली तर वर्षातून एकदा तिथल्या पंगतीत बसायचो. गोदा एक फोड खायची, परसाद म्हणून.

तेरवी झाली, पोरी आपापल्या सासरी गेल्या. महादू मला धनजला घेऊन आला. "तिथं आता कोनासाठी राह्यतं, दादा? घरी राह्य." मलाही ते पटलं होतं. वळकटी सोबत आणली होती.

रात्रीच्या जेवणाला त्यानं कोंबडी कापली. "वहिनीच्याच कोंबड्याईचा वान हाय, खाय पोटभर." रस्सा चांगला लाल झाला होता. मी घास उचलला आणि परत ताटात ठेवला. मला तिच्या वाट्याचं वाढलं, असं वाटत राहिलं.

"मंगरुळात राहून भाजीखाऊ वानी झाला काय गा?" महादू म्हणाला. सगळे हसले. त्याच्या बायकोनं कांदा फोडून दिला. मी कांदा-भाकर खाल्ली.

सकाळी वळकटी बांधली. महादू दारात आडवा आला.

"काहून चालला? घर हे हाय ना तुहं?"

"हाय. त्याले कोन नाई म्हन्ते? पन तिकडं वाफे वाळून राह्यले असतीन."

पहिल्या मोटारीनं मंगरूळला उतरलो. मळ्यात जाऊन एक वाफा सारखा केला, धने चपलेखाली रगडून फोडले आणि सांभार पेरला. मोट हाकून पाणी वळवणं एकट्याला जमत नाही, म्हणून बादलीनं पाणी दिलं.