डोमाभाऊंचा भात

आमच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे डोमाभाऊ ड्रेसर एका स्टोव्हवर लघवी काढायची रबरी नळी उकळायला ठेवत आणि त्याच वेळी शेजारच्या स्टोव्हवर मूठभर तांदूळ. घड्याळ होतं, पण ते मनाला येईल तेव्हा चालायचं. भात शिजला की नळी शिजली, हा त्यांचा कायदा. तो भात मग रोग्यालाच वाढायचे.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी नागपूरहून नुकताच डॉक्टर होऊन सावली गावच्या दवाखान्यात आलेलो, अंगात भलती मिजास. एका दुपारी बैलबंडीत घालून एक म्हातारा आणला. लघवी तुंबलेली, पोट टणक, ओरडणं ऐकवत नव्हतं. मुलगा माझे पाय धरत होता. डोमाभाऊंनी नळी आणि तांदूळ नुकतेच चढवले होते, पण कपाटात पुसून ठेवलेली दुसरी एक नळी दिसली, ती मी उचलली.

"साहेब, भात नाई शिजला अजून," डोमाभाऊ म्हणाले.

"चुलीत गेला तुमचा भात! माणूस मरतोय इथं!"

त्यांनी माझ्या हातातून नळी घेतली आणि सरळ जमिनीवर टाकली. "घ्या. आता तं उकळाच लागते."

मी संतापलो. बदली करतो म्हणालो. ते म्हाताऱ्याचं पोट गरम फडक्यानं शेकत बसले. "रागवा साहेब, पन घाई नोका करू. माहा भाऊ असल्याच पुसलेल्या नळीनं गेला. लघवी झाली, हासला बिचारा, अन् चौथ्या दिवशी तापानं गेला."

मी स्टोव्हपाशी जाऊन बसलो. भात शिजला, मग नळी घातली. म्हातारा आठ दिवस आमच्याकडे होता, पण अंग एकदाही तापलं नाही. जाताना तो माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला डोमाभाऊंकडे वळवलं.

डोमाभाऊंना जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्यांच्या हाताखाली मी खरा डॉक्टर झालो, हे मी अभिमानानं सांगतो.

आता माझ्याच किडन्यांनी राम म्हटलाय. मानेत नळी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मागे एक नवी नर्स फोन खाली ठेवून त्याच हातमोज्यांनी नळीचं टोपण उघडायला आली.

"थांब पोरी, भात शिजला नाही अजून!"

"कसला भात?" तिनं विचारलं. मग तिला सगळी हकिगत सांगितली.

तेव्हापासून ती हात धुते, नवे हातमोजे घालते, टोपण औषधानं घासते आणि ते वाळेपर्यंत थांबते. मगच माझ्याकडे बघून म्हणते, "आजोबा, शिजला भात."