पाटा, पिठ्ठू आणि भाच्याचं बारसं

पाठीवर मिलिटरीचा पिठ्ठू बांधून मी आयुष्यात एकदाच मोहिमेवर गेलो. घाटकोपरहून मुलुंडला. भाच्याच्या बारशाला.

साल बहात्तर, लढाई नुकतीच संपलेली. माझी धाकटी बहीण सुलू बाळंतपणाला आमच्याकडे आली होती, पण बारसं मुलुंडला सासरीच होणार, असं तिच्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, ठरवून टाकलं. आई सुलूला आणि बाळाला घेऊन आदल्या दिवशीच पुढे गेली. जाताना मला दारातून तीनदा बजावलं, "उद्या येताना आपला वरवंटा आण. विसरलास तर बघ हं!"

वरवंट्याची बाब आमच्याकडे गंभीर होती. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, ते सगळ्यांकडेच. पण आमच्या घरात तो वरवंटा आजोबांच्या बारशापासून एकच! माझ्या वेळी तोच, सुलूच्या वेळी तोच. "माझ्या नातवाला तोच फिरवायचा," हे आई नऊ महिने घोकत होती. (जावयाबद्दल ती इतकं कधी बोलली नाही.)

आता वरवंटा म्हणजे केवढा? वीतभर दगड! कापडी पिशवीत घालून कुणीही आणला असता. कुणीही शहाण्याने. मी मात्र त्याच संध्याकाळी कुर्ल्याला, जुना मिलिटरी माल विकणाऱ्या दुकानात गेलो.

"जड सामान न्यायला काहीतरी दाखवा," मी म्हणालो.

"जड म्हंजे किती?" दुकानदार.

बारशाचा दगड आहे असं सांगायची मला लाज वाटली. "असेल... बऱ्यापैकी."

"मग पिठ्ठू घ्या ना साहेब! असली फौजी माल. यात तोफगोळे वाहिलेत, तोफगोळे!"

त्याने चार पिठ्ठू समोर टाकले. एकाला सात खिसे, एकाला नुसत्या कड्याच कड्या, एकाच्या आत लोखंडी सांगाडा. कुठला पट्टा खांद्याचा, कुठला कमरेचा, कुठला उगाचच, काही म्हणजे काही कळेना. चारही पाठीवर चढवून मी आरशात पाहिले. चारही रिकामे! (वजन घालून पाहावं हे मला सुचलं नाही. दुकानदाराला सुचलं असणार, पण तो गप्प बसला.) शेवटी ज्याला सगळ्यात जास्त पट्टे होते तो घेऊन आलो.

सकाळी वरवंटा आत टाकला. तो धपकन तळाला गेला आणि चालताना माझ्या माकडहाडावर आपटायला लागला. तेवढ्यात शेजारचे नाईक डोकावले. नाईक लढाईत होमगार्ड होते, म्हणजे रात्री चाळीत शिट्टी फुंकून "लाइट बंद करा रे!" ओरडायचे. त्यामुळे युद्धशास्त्रात आमच्याकडे त्यांचाच शब्द शेवटचा.

"अरे, पिठ्ठू असा रिकामा चालत नाही!" नाईक म्हणाले. "भार लागतो भार! पाठीला चिकटून बसणारा. घरात सपाट आणि जड काय आहे?"

"पाटा आहे."

"झकास! घाल आत."

आणि मलाही ते पटलं हो! एवढा तोफगोळ्यांचा पिठ्ठू आणि आत एकटा वरवंटा, बरं दिसतं का ते? पाटा आत गेला. आता वरवंटा त्याच्यावर खडखडायला लागला. नाईक म्हणाले, वरवंटा काढ, आधी पाटा गोधडीत गुंडाळ. गुंडाळला. मग म्हणाले, वरवंटा खाली, पाटा वर. मग म्हणाले, छे छे, पाटाच खाली. तीनदा उपसलं, तीनदा भरलं. शेवटी कशाखाली काय आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हतं, पण दोघंही "आता बरोबर, आता बरोबर" म्हणत होतो. जे तीन पट्टे कशाचे ते कळलंच नाही, त्यांची नाईकांनी माझ्या छातीवर एक गाठ मारली.

"फौजी गाठ आहे. सुटायची नाही!"

मी उठायला गेलो तो उताणा पडलो. हातपाय वर, पाठ पाट्यावर! नाईकांनी आणि त्यांच्या मिसेसनी मिळून मला उभं केलं.

आग्रा रोडला बस मिळाली. मला बघताच एक म्हातारे गृहस्थ ताडकन उठले. "बसा जवान, बसा!"

"अहो नको, मी..." मला बसताच येत नव्हतं! बसलो असतो तर मुलुंडच्या पुढे गेलो तरी उठलो नसतो.

"बघा, याला म्हणतात शिस्त! उभाच राहतो," म्हातारबुवा सगळ्या बसला म्हणाले. "कुठल्या आघाडीवर?"

"विक्रोळीला. हिशेबखात्यात," मी खरं ते सांगितलं. त्यांनी नाराज होऊन जागा परत घेतली.

मुलुंडला दोन जिने चढून वर पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. बायका जमलेल्या, पाळणा सजलेला, माई घड्याळाकडे बघतायत. "आला बाई एकदाचा दादा!" सुलू म्हणाली. "पण हे काय रे पाठीवर?"

गाठ सुटेना. सुलूच्या नवऱ्याने ओढली, मी ओढली, शेवटी माईंनी पानाच्या डब्यातला अडकित्ता आणून तीनही पट्टे कापले. पिठ्ठू धाडकन जमिनीवर. आईने गोधडी उलगडली. पाटा! खिसे उलटे केले. पिठ्ठू उपडा केला. नुसता पाटा!

"वरवंटा?" आईने विचारलं.

आणि मला लख्ख दिसला. घाटकोपरला, ओट्यावर. तिसऱ्यांदा उपसलं तेव्हा ठेवलेला.

"मेल्या, आणायचं ते ठेवलंस आणि ही धोंड आणलीस?" आई एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून भिंतीकडे वळली. माझी पाठ ठणकत होती, पण खरं सांगतो, त्या क्षणी दुखलं ते दुसरीकडेच. आईला चार लोकांत रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात माई उठल्या, स्वयंपाकघरातून स्वतःचा वरवंटा धुऊन घेऊन आल्या आणि आमच्या पाट्यावर खरखर दोनदा फिरवला.

"घ्या विहीणबाई. तुमच्या पाट्यावर फिरला, म्हणजे आता तुमच्याच घरचा झाला. वेळ होतेय, कुंची आणा!"

आईने डोळे पुसले, वरवंट्याला कुंची घातली आणि "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" सुरू झालं. सुलूच्या नणंदेने बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. ती तशीच हसत पाळण्यावर वाकली आणि बाळाला माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आणि हे बघ, हे तुझे पाटामामा!"

भाच्याचं नाव ठेवलं होतं अभिजित. ते त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आहे म्हणतात. सगळे त्याला बाळ्याच म्हणतात. त्या बारशातलं टिकलं ते फक्त माझं नाव.