केतनला बोलू द्या!

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. आइस्क्रीमचे रिकामे डबे टाकू टाकू म्हणताना ओट्याखाली त्यांचा ढीग होतो, तसंच यांचं. मागच्या महिन्यात ठाण्याला माहेरी गेले तर बहिणी मागेच लागल्या, "उज्ज्वला, तुमच्या त्या केतनचं पहिल्यापासून नीट सांग बघू!" सांगता सांगता दोन चहा झाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सिंगापूरला गेलं वर्षभर आमच्या सगळ्या रविवारांचा कार्यक्रम एकच होता: केतनला बोलू द्या!

आधी माणसं सांगते. आम्ही राहतो सेंगकांगला. मी, माझा नवरा शिरीष आणि आमची नऊ वर्षांची रेवा. मी ठाण्याची, शिरीष पुण्याचा, त्यामुळे घरात बरोबर कोण असतं हे लग्नाच्या आधीच ठरलंय. केतन डोंबिवलीचा, वय छत्तीस, आंग मो किओला एका कंपनीत इंजिनियर, एकटा. मानसी नाशिकची, बँकेत, ईस्ट कोस्टला एका कॉन्डोत भाड्याने राहायची. तीही एकटीच. सोमवार ते शुक्रवार कोणी कोणाला तोंड दाखवायचं नाही, पण रविवार मात्र सगळ्यांचा एकत्र.

होळीला केतन पुरणपोळी खायला आला होता. मला भांडी पुसून देता देता म्हणाला, "वहिनी, कोणाला सांगू नका हं. मला मानसी आवडते." मी शब्द दिला. आणि तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत शिरीषला सांगून टाकलं. अहो, नवऱ्याला सांगणं म्हणजे काय कोणाला सांगणं असतं का?

पण गोम वेगळीच होती. मानसीची बदली झाली होती, तोक्योला. गणपती झाले की दोन वर्षांसाठी जाणार. म्हणजे केतनच्या हातात मोजके रविवार. आणि हा मुलगा असा, की हॉटेलात पाणी मागायचं तरी आधी मनात वाक्य जुळवतो!

*

त्यांची पहिली भेट ऐकलीत तर पुढचं सगळं कळेल. जानेवारीतली गोष्ट. केतन नवाच आला होता, शिरीषच्या मावसभावाचा मित्र म्हणून आम्ही त्याला ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरला जेवायला नेलं. हॉकर सेंटर म्हणजे आपल्या खाऊगल्लीवर छप्पर घातलं आणि ती रोज धुतली तर जे होईल ते.

आता इथली एक रीत आहे. टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. मग खुशाल रांगेत जाऊन उभे राहा, कोणी बसणार नाही. आम्ही रांगेत होतो आणि हे केतनला सांगायचं राहून गेलं.

केतन चांगल्या घरातला मुलगा. त्याने बघितलं, टेबलाटेबलावर पाकिटं पडलीत. "काय विसराळू लोक आहेत!" म्हणाला असणार. एकेक करून अकरा पाकिटं गोळा केली आणि ज्यूसवाल्या आंटीकडे नेऊन दिली. "आंटी, लॉस्ट प्रॉपर्टी!"

पाच मिनिटांत अकरा टेबलांची माणसं हातात वाफाळते ट्रे घेऊन गोल गोल फिरायला लागली. त्यात एक मानसी. "इथे माझं टिश्यूचं पाकीट होतं!" असं ती मराठीतच पुटपुटली. ते ऐकून केतन ताडकन उभा राहिला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ताई, अजिबात काळजी करू नका. मी जमा केलंय!"

ताई! ज्या मुलीवर पुढे जीव जडायचा, तिला पहिलाच शब्द ताई!

*

होळीनंतर आम्ही कंबर कसली. शिरीष म्हणाला, "बॅडमिंटन. मिक्स्ड डबल्स. ती दोघं एका बाजूला, आपण दोघं एका बाजूला. मध्ये मध्ये पाणी प्यायला आपण बाहेर जायचं. शास्त्रशुद्ध प्लॅन आहे."

कोर्ट मिळायचं लॉटरीने. नशीब असेल तर लागतं, नाहीतर दोन दोन महिने नाही. म्हणून शिरीषने चौघांच्याही फोनवरून अर्ज भरले, एकाच हॉलसाठी, एकाच तासासाठी. एक तरी लागेल म्हणून.

चारही लागली!

आता कोणीही शहाणा माणूस एका कोर्टवर खेळला असता. पण माझा नवरा पुण्याचा. नियम त्याने वाचले होते, तेही तळटिपांसकट. ज्याच्या नावावर कोर्ट त्याने त्यावर हजर राहायचं, नाहीतर पुढचे महिने अर्ज बंद. "नियम म्हणजे नियम!"

झालं. चार माणसं, चार कोर्ट. मानसी एक नंबरवर, केतन चार नंबरवर, मध्ये आम्ही नवरा-बायको, दोघं एकेकटे, शटल वर उडवतोय आणि स्वतःच झेलतोय. केतनची दया येऊन एक सत्तरीची चिनी आंटी त्याच्या कोर्टवर खेळायला आली. तिने त्याला एकवीस-तीनने हरवलं आणि जाताना पाठीवर थाप मारून म्हणाली, "नेव्हर माइंड, बॉय. ईट मोअर."

मानसी मला नंतर विचारत होती, "उज्ज्वलाताई, तुमच्यात भांडण वगैरे झालं होतं का?"

*

सायकलचा किस्सा छोटा आहे. ईस्ट कोस्टच्या पार्कमध्ये चौघांची सायकल भाड्याने मिळते, दोन सीट पुढे, दोन मागे, चौघांनाही पेडल. आम्ही पुढे बसलो, त्यांना मागे बसवलं. रेवा आपली सायकल घेऊन शेजारून.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. मागून केतनचा आवाज येतो, "मा...नसी... मला... तुम्हाला..." की पुढे नुसती धाप. मानसी म्हणते, "बोलू नका, केतन. दम लागेल." परत दोन मिनिटांनी, "मला... असं..." की परत धाप.

मी मनात म्हटलं, पोरात काही दम नाही बाई! तेवढ्यात शेजारून रेवा तिच्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "मम्मा! पापा! व्हाय यू बोथ नॉट पेडलिंग? ओन्ली लिसनिंग, लाह!"

*

मग श्रावण आला. शिरीषने बार्बेक्यूचा पिट, म्हणजे मांस भाजायची शेगडी, तीन महिने आधी बुक केलेला, समुद्रकिनारी, झाडाखाली, मोक्याची जागा. फक्त कॅलेंडर बघायचं राहिलं होतं. माझ्या घरात श्रावणात अंडंसुद्धा चालत नाही. पण बुक केलेली जागा सोडायची? छे! मी म्हटलं, एवढा रसरसलेला विस्तव फुकट कशाला घालवायचा, भरीत करू.

बारा वांगी नेली. केतन आणि मानसीला पिटवर उभं केलं. "तुम्ही दोघं भाजा, आम्ही कांदा चिरतो," म्हणत आम्ही लांबच्या बाकावर गेलो. समुद्राचा वारा, लालभडक निखारे, दोघंच. याहून चांगला मुहूर्त कोणत्या भटजीने काढला असता सांगा!

शेजारच्या पिटवर एक चिनी कुटुंब होतं. त्यातले अंकल बराच वेळ बघत होते. पहिलं वांगं काळं पडायला लागलं तसे ते चिमटा घेऊन धावतच आले. "आय्यो! बर्न ऑलरेडी!" आणि वांगं उचलून बाजूला ठेवलं.

मानसीने ते हळूच परत विस्तवावर ठेवलं. केतनने तोंड उघडलं, "मानसी, मला तुम्हाला एक..." की अंकल हजर! "बर्न, बर्न!" दुसरं वांगं बाहेर. केतन म्हणतो, "थँक यू, अंकल." केतनला नाही म्हणता येत नाही, हेच तर त्याचं दुखणं. तासभर हेच चालू. ही दोघं वांगी आत घालतायत, अंकल बाहेर काढतायत.

शेवटी अंकलना आमची फार कीव आली. एका थाळीत आठ चिकन विंग्ज घेऊन आले. "टेक, टेक. फर्स्ट टाइम बार्बेक्यू, इज इट?" केतनने माझ्याकडे बघितलं, अंकलकडे बघितलं आणि थाळी घेतली. खाता येईना, परत देता येईना. बिचारा थाळी हातभर लांब धरून उभा राहिला. मानसी हसून हसून खाली बसली.

भरीत झाल्यावर मी अंकलना वाटीभर नेऊन दिलं. त्यांनी दोनदा मागून घेतलं. बोटं चाटत म्हणाले, "वाह, व्हेरी नाइस! बट नेक्स्ट टाइम डोंट बर्न, ओके?"

*

आणि आता शेवटचा रविवार. पुढच्या आठवड्यात गणपती, ते झाले की मानसीचं विमान. केतनचं तोंड एवढंसं झालं होतं. शिरीष म्हणाला, "जोहोरला जाऊ, गणपतीचे नारळ आणू." जोहोर म्हणजे पूल ओलांडला की मलेशिया. अख्खं सिंगापूर रविवारी तिथे सामान आणायला जातं आणि अख्खं सिंगापूर एकाच वेळी परत येतं.

त्यामुळे येताना पुलावर अडकलो. गाडी चालवत शिरीष, शेजारी मी. मागे एका खिडकीशी रेवा, मध्ये मानसी, दुसऱ्या खिडकीशी केतन. दीड तासात आम्ही काही हात पुढे सरकलो असू. माझ्या मनात आलं, गाडीतून कोणी उतरू शकत नाही, कोणी मध्ये येऊ शकत नाही. आता नाही तर कधीच नाही!

मी मोठ्ठी जांभई दिली. "मला बाई झोप येतेय," म्हणून डोळे मिटले आणि शिरीषला कोपर मारलं. त्याला बरोबर कळलं. त्यानेही डोळे मिटले. ड्रायव्हरने!

रेवा म्हणाली, "व्हाय एव्हरीबडी स्लीपिंग? नॉट इव्हन फोर ओ'क्लॉक!"

"झोप गं तू!" मी डोळे न उघडता म्हटलं. तीही झोपली.

केतन म्हणाला, "तोक्योला थंडी असते का हो?"

"असते."

"बरीच?"

"बरीच."

मी मिटल्या डोळ्यांनी कपाळावर हात मारायची बाकी होते. आणि मग, देव जाणे कुठून, त्याला वाचा फुटली.

"मानसी, मी होळीपासून प्रयत्न करतोय. मला नीट बोलता येत नाही. तुम्ही गेलात की माझे रविवार कसे जातील मला कळत नाही. सोमवार-मंगळवारचंही तेच. मला तुम्ही फार आवडता. दोन वर्षं मी थांबेन, त्याचं काही नाही. पण मी कोणासाठी थांबलोय हे तुम्हाला ठाऊक हवं, म्हणून सांगतोय."

माझ्या मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आणि नेमकी तेव्हाच पुढची गाडी हलली! मागून भोंगे सुरू. एक, दोन, मग सगळी रांगच. पण डोळे उघडावेत कसे? आम्ही तर झोपलो होतो. शिरीषने तर वर घोरायला सुरुवात केली!

"शिरीषदादा," मानसी शांतपणे म्हणाली, "घोरताना ब्रेकवरचा पाय काढा. मागचे लोक उतरून येतायत."

"अं? काय? पोचलो का?" असं म्हणत शिरीष जागा झाला. इतका वाईट अभिनय मी जन्मात बघितला नाही.

त्यानंतर मानसी एक शब्द बोलली नाही. चाळीस मिनिटं. पुलाच्या कडेने पाण्याचे जाडजूड पाइप जातात, ते बघत बसली. मी आरशातून केतनकडे बघितलं. तो मांडीवर हात ठेवून बसला होता, परीक्षेत पेपर कोरा दिलेल्या मुलासारखा. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! उगाच आपण भरीला घातलं, मुकाट राहिला असता तर निदान मैत्री तरी राहिली असती, असंच सारखं मनात येत होतं.

शेवटी एकदाचं सिंगापूरचं चेकपॉइंट आलं. शिरीषने काच खाली करून पाच पासपोर्ट दिले. आतला ऑफिसर मध्यमवयीन, चेहऱ्यावर रेष हलेल तर शपथ. त्याने वाकून गाडीत बघितलं. "फाइव्ह. ऑल वन फॅमिली?"

आमचे पुणेकर कसले खोटं बोलतात! "नो, ऑफिसर. थ्री फॅमिली, टू फ्रेंड्स."

"सॉरी, ऑफिसर." मानसी दोन सीटच्या मधून पुढे वाकली. "करेक्शन. थ्री फॅमिली. टू... इन-प्रिन्सिपल अप्रूव्हल."

नोकरीचा पास हातात पडायच्या आधी इथलं सरकार तत्त्वतः मंजुरीचं पत्र पाठवतं, त्या पत्रावरचे हे शब्द. ऑफिसरने मान वर न करता पासपोर्टचं पान उलटलं.

"लेटर गॉट ऑर नॉट?"

केतन मागून एवढ्या मोठ्याने ओरडला, की शेजारच्या रांगेतल्या गाड्यांच्या काचा खाली आल्या.

"गॉट, सर! गॉट!"