जुन्या गावाची भिंत

चौकशीबाई भिंतीला रंग लावायच्या आधी महिनाभर नुसती बोलत बसते. पुण्यात काम मिळो नाहीतर नागपुरात, तिची तऱ्हा हीच. आधी त्या गल्लीतल्या घरांत चहा प्यायचा, पूर्वी इथं कोण राहत होतं ते विचारायचं आणि मगच डबे उघडायचे. काम देणारे वैतागतात, तिला त्याचं सोयरसुतक नाही. भिंतीवरच्या चित्रांवरच तिचं पोट आहे आणि नावही झालंय. लोक मला म्हणतात, "गुरुजी, पोरीला तुम्ही घडवलंत." मी मान डोलावतो. खरं सांगायचं तर मी तिचं चित्र जवळजवळ बंदच पाडलं होतं.

लोहारा तालुक्यात, भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या एका गावात मी मुख्याध्यापक होतो. सरळ रस्ते, एकसारखी घरं. ही तेव्हा सातवीत. चौकशीबाई हे नाव मीच ठेवलेलं. इतिहासाच्या तासाला लढाई ऐन रंगात आली की हिचा हात वर, "सर, एवढ्या सैन्याच्या भाकरी कोण थापत व्हतं?" उत्तर येत नसलं की मी तिला सरळ पाणी आणायला पाठवत असे.

शाळेच्या लांब भिंतीवर चित्र काढायचं ठरलं. हात तिचाच चांगला होता. मी तिच्यापुढं छापील देखावा ठेवला, त्यात डोंगर, नदी आणि नारळाचं झाड.

"सर, ह्ये कुठलं गाव हाय?"

मी चित्र उलटून पाहिलं, मागं नुसता छापखान्याचा पत्ता.

"त्यापरीस जुनं गाव काढू का? म्या बघितलंच न्हाय ते."

ते गाव पडलं तेव्हा तिचा जन्मही झाला नव्हता. मी हो म्हणून मोकळा झालो.

मग भिंतीपुढं रोज जत्रा भरू लागली. ही खडूनं गल्ल्या आखायची आणि म्हाताऱ्या माणसांना बोलावून विचारायची. "आमच्या दारात तुमचा गोठा कवा व्हता गं?" म्हणून दोन शेजारणी हमरीतुमरीवर आल्या. चौकशीबाईनं ओल्या फडक्यानं गोठा पुसला, चार बोटं पलीकडं आखला आणि शांतपणे विचारलं, "आता?" त्या दोघींचं समाधान व्हायला तीन दिवस लागले. विचारल्याशिवाय तिनं एक चूलसुद्धा मांडली नाही.

गावातले एक म्हातारे, आप्पा, तेवढे नाही म्हणाले. भूकंपाच्या पहाटे ते शेतात राखणीला होते, घरात बायको आणि चार वर्षांची लेक. "माझं घर काढू नगंस, पोरी," एवढंच बोलून ते गेले. चौकशीबाईनं तेवढी जागा पांढरी सोडली.

त्यातच तपासणीला साहेब येणार असल्याचा निरोप आला. मी टापटिपीचा माणूस. ती पांढरी जागा मला पोपडा निघाल्यासारखी दिसायला लागली. "भरून टाक," मी तिला म्हणालो. "आप्पा न्हाय म्हणल्यात, सर." मी रागावलो, तरी ती हलेना. शेवटी रविवारी शाळेत जाऊन मीच तिथं एक घर काढलं. मातीचं सपाट माळवद, दगडी भिंती, निळं बंद दार, वर ठसठशीत कडी. माझ्या मते फक्कड जमलं होतं.

सोमवारी आप्पांनी ते पाहिलं. "पोरी, तुला सांगितलं व्हतं न्हवं?" ते तिला म्हणाले आणि निघून गेले. मी व्हरांड्यातच होतो, पण माझं तोंड उघडलं नाही. तिनंही माझं नाव घेतलं नाही. सगळे ब्रश धुऊन माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "सर, माझ्याच्यानं व्हनार न्हाय. पुन्हा रंगाला हात लावायचा न्हाय मला."

आठ दिवस ती भिंतीकडं फिरकली नाही. वर्गात एक प्रश्न नाही. साहेब तर आलेच नाहीत. तो शांत वर्ग मला खायला उठला. शेवटी आप्पांच्या घरी गेलो आणि कबूल केलं, "घर पोरीनं नाही, मी काढलं."

आप्पांनी मला बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाले, "मास्तर, दार बंद का काढलं तुमी?"

बंद दार काढायला सोपं असतं.

"दोघी आतच ऱ्हायल्या. तेवढं दार उघडलं असतं तर..." त्यांनी डोळे पुसले. "पोरीला सांगा, दार उघडं काढ म्हणावं. सताड."

दुसऱ्या दिवशी मी चौकशीबाईची भर वर्गात माफी मागितली आणि ब्रश तिच्या हातात दिले. आप्पा येऊन भिंतीपुढं बसले. तिनं माझ्या दारावर पांढरा रंग फिरवला आणि विचारायला सुरुवात केली. उंबरा दगडी का लाकडी? आत उजेड कुठनं यायचा? लेक दारात उभी राहायची का बसायची? आप्पा सांगत होते, ती काढत होती. संध्याकाळपर्यंत दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर एक लहान मुलगी येऊन बसली.

"वाळलं का?" आप्पांनी विचारलं.

"न्हाय आप्पा, वल्लं हाय अजून."

ते वाळेपर्यंत बसून राहिले. मग उठले, भिंतीवरच्या उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि घरी गेले. मला रडू आवरलं नाही.

चौकशीबाई ब्रश धुवायला हौदावर गेली होती. परत येऊन म्हणाली, "सर, म्या आता ह्येच करनार."

"कर," मी म्हणालो. पस्तीस वर्षांच्या नोकरीत इतक्या खात्रीनं मी दुसऱ्या कुणालाच काही सांगितलं नसेल.